रिओचा खर्च: तारीख, वस्ती आणि उंची

रिओ दि जानेरोच्या सहलीचा खर्च मुख्यतः तीन गोष्टी ठरवतात: तारीख, मुक्कामाची वस्ती आणि शहर किती उंचावरून पाहायचे आहे. जेवणखाण, मेट्रो, समुद्रकिनारा यांचा वाटा त्यामानाने लहान असतो. म्हणून अंदाजपत्रक मांडताना आधी दिनदर्शिका उघडावी लागते.

ब्राझीलचा उन्हाळा डिसेंबर ते मार्च. कोपाकाबाना किनाऱ्यावरची नववर्षाची आतषबाजी आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येणारा कार्निव्हल याच काळातले. त्या दिवसांत हॉटेलांचे दर कितीतरी पट चढतात, आणि अनेक ठिकाणी चार-पाच रात्री एकगठ्ठाच घ्याव्या लागतात. मे-जून किंवा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हवा सौम्य असते आणि दरही उतरलेले असतात. जुलैत तिथल्या शाळांना सुटी, त्यामुळे देशांतर्गत गर्दी. कार्निव्हलच पाहायचा असेल, तर वास्तुविशारद ऑस्कर निमायर यांनी आखलेल्या सांबाड्रोममधील (१९८४) मिरवणुकीचे चांगले आसन महाग पडते. मात्र गल्लोगल्ली निघणाऱ्या ‘ब्लोको’ मिरवणुकांना तिकीट नसते. रिओच्या माणसांचा कार्निव्हल खऱ्या अर्थाने तिथेच असतो.

सर्वांत मोठी रक्कम विमानाची. भारतातून थेट उड्डाण नसल्याने दुबई, दोहा, अदिस अबाबा यांसारख्या ठिकाणी विमान बदलावे लागते. बरीच तिकिटे साओ पावलोपर्यंतचीच असतात. तिथून रिओ रस्त्याने सुमारे ४३० किलोमीटर, म्हणजे बसने सहा-सात तास. अमेरिकेमार्गे जाणारे तिकीट स्वस्त दिसले, तरी केवळ विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. ब्राझीलच्या व्हिसाचा खर्च वेगळा.

मुक्कामासाठी इपानेमा आणि लेब्लॉन या वस्त्या सर्वांत महाग. बोताफोगो, फ्लामेंगो, कातेते इथे खोली बरीच स्वस्त मिळते आणि मेट्रो जवळ असते. मध्यम खर्चाच्या प्रवाशाला याच वस्त्या सोयीच्या. जुन्या व्यापारी भागातली, सेंत्रोतली हॉटेले आणखी स्वस्त दिसतात. पण कचेऱ्या सुटल्यावर आणि शनिवार-रविवारी तिथले रस्ते ओस पडतात. रात्री पायी फिरणे धोक्याचे असल्याने वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. रात्रीच्या टॅक्सीची रक्कम रिओच्या हिशेबात पहिल्यापासूनच धरावी लागते, मग मुक्काम कुठेही असो.

चलन रिआल. प्रचंड चलनवाढीला आवर घालण्यासाठी ते १ जुलै १९९४ रोजी आले. गेल्या काही वर्षांत एक रिआल साधारण १४ ते १७ रुपयांच्या दरम्यान राहिला आहे. किमतीच्या पाटीवर डॉलरसारखेच चिन्ह असते, म्हणून गल्लत होते. त्यातच दशांशाच्या जागी स्वल्पविराम लिहितात, आणि दुकानांत बहुधा हप्त्याचा आकडाच ठळक असतो: कोपऱ्यात बारीक ‘१०’ लिहिलेले असेल, तर मोठी दिसणारी रक्कम ही दहा हप्त्यांपैकी एकाची. कार्ड जवळजवळ सर्वत्र चालते. ‘पिक्स’ ही २०२० साली सुरू झालेली तिथली मोबाइल-देयक पद्धत यूपीआयची आठवण करून देते, पण ती तिथल्या बँकखात्याला जोडलेली असल्याने पाहुण्याच्या सहसा उपयोगी पडत नाही. कार्ड यंत्राने डॉलर की रिआल असे विचारले, तर रिआल निवडणेच फायद्याचे.

दुपारच्या जेवणाला ‘आ किलो’ पद्धतीची खाणावळ उत्तम. ताट आपण वाढून घ्यायचे, ते तराजूवर ठेवायचे आणि वजनाप्रमाणे पैसे द्यायचे. भात, घेवड्याची उसळ, भाज्या, कोशिंबिरी असल्याने शाकाहारी माणसाचीही सोय होते. फक्त उसळीत मांस नाही ना, हे विचारून घ्यावे लागते. बसून खाण्याच्या उपाहारगृहात बिलावर दहा टक्के सेवाशुल्क लावतात. ते ऐच्छिक असले तरी बहुतेक लोक देतात. न मागता टेबलावर आलेले पाव आणि ऑलिव्ह फुकट नसतात. नको म्हटले की ते परत नेतात.

आता उंची. ७१० मीटर उंच कोर्कोवादो डोंगरावरचा १९३१ सालचा ख्रिस्ताचा पुतळा आणि १९१२ पासून चालणारी शुगरलोफची रोपवे, ही दोन तिकिटे दिवसभराच्या जेवणापेक्षा जड असतात. कोर्कोवादो वारंवार ढगांत बुडतो. आधीच तारीख ठरवून घेतलेले तिकीट अशा दिवशी पांढऱ्या धुक्यावर खर्च होते. त्यासाठी दोन-तीन दिवस मोकळे ठेवून सकाळचे आकाश पाहून तिकीट काढणे बरे. रोपवेचा पहिला थांबा असलेल्या उर्का टेकडीवर मात्र झाडीतल्या पायवाटेने अर्ध्या-पाऊण तासात विनामूल्य चढता येते, आणि तिथूनही उपसागराचे दृश्य भरभरून दिसते. ब्राझीलमधले समुद्रकिनारे कायद्याने सार्वजनिक आहेत. पैसे पडतात ते खुर्ची-छत्रीचे, आणि त्यांचा भाव बसण्याआधी विचारायचा असतो. आर्पोआदोरच्या खडकावरचा सूर्यास्त, पार्के लाजे उद्यान, सेलारोनच्या रंगीत पायऱ्या आणि रेआल गाबिनेते हे जुने पोर्तुगीज ग्रंथालय, यांनाही तिकीट नाही.

एक खर्च परतीच्या दिवसासाठी निघण्यापूर्वीच करावा लागतो. ब्राझीलहून भारतात येणाऱ्याकडे पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते आणि पुढे आयुष्यभर चालते.