मॅग्नेट की बॅटरी?

धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगावला यायचं म्हणजे नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. १८८८ साली बेर्था बेंझ नवऱ्याची तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली, ते अंतर याहून थोडंच जास्त. त्या गाडीत ठिणगी पडायची बॅटरी आणि थरथरणाऱ्या कॉईलवर. वाटेत इग्निशनची वायर उघडी पडली तेव्हा बाईंनी तिला मोज्याचा बंध गुंडाळला, असं सांगतात. वायरचं निभावलं, पण गाडीवर चार्जिंगची सोय नव्हती. बॅटरी उतरली की गाडी उभी!

डाइमलरने तर ठिणगीच टाळली. बर्नरने लालबुंद केलेली नळी सिलिंडरला जोडली. पेट्रोलशेजारी उघडी ज्योत; होस्टेलमधल्या चोरट्या हीटरसारखाच प्रकार.

मग आला मॅग्नेटो, आपल्या गॅरेजवाल्यांचा ‘मॅग्नेट’. चुंबकामध्ये गुंडाळी फिरते आणि वीज तिथेच तयार होते, बॅटरी लागतच नाही. बॉशने १८९७ मध्ये तो द दियॉंच्या तीनचाकीवर बसवला. १९०२ मध्ये त्यांच्याच होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग अशी जोडी तयार केली. पण मेख अशी की व्होल्टेज वेगावर अवलंबून. हँडल मारताना इंजिन जेमतेम फिरतं, म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हाच ठिणगी सर्वांत मरतुकडी. शिवाय त्या वेळी ठिणगी उशिरा पाडावी लागते. तो खटका मागे घ्यायचा राहिला तर पिस्टन वर पोचण्याआधीच भडका उडतो, हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. त्या काळी हे नेहमीचंच होतं.

फोर्डच्या मॉडेल टी ने (१९०८) दोन्ही डगरींवर पाय ठेवला. फ्लायव्हीलवर १६ चुंबक, चार सिलिंडरना चार थरथरत्या कॉईल, आणि सुरू करायला बॅटरी जोडायचा स्विच.

केटरिंगची पॉइंटवाली पद्धत कॅडिलॅकवर १९१० च्या मॉडेलमध्ये आली. पॉइंट बंद असताना कॉईलमध्ये करंट चढत जातो. पॉइंट उघडले की तो तुटतो आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उठतात. वेग कमी तर करंट चढायला वेळ भरपूर, ठिणगी जोरदार. वेग वाढला की वेळ कमी, ठिणगी मंद. म्हणजे मॅग्नेटच्या बरोब्बर उलटं! १९१२ च्या मॉडेलमध्ये सेल्फ-स्टार्टर आणि जनरेटर आला, बॅटरी चालता चालता भरू लागली आणि बेर्थाबाईंच्या वेळची अडचण संपली. माझ्या मते मॅग्नेट हरला तो ठिणगीवर नाही, स्टार्टिंगवर. पिस्टन इंजिनाच्या बहुतेक विमानांत आजही तोच आहे, तोही इंजिनामागे दोन-दोन, कारण बॅटरी गेली म्हणून हवेत इंजिन बंद पडून चालत नाही.

आणि आपल्या कपाशीच्या शेतातही तो आहेच. पाठीवरच्या पेट्रोल फवारणी पंपाची दोरी हळू ओढली तर पंप सुरू होत नाही, सणसणीत झटका द्यावा लागतो. का, ते व्हायव्हाला विचारलं तर आता सांगता येईल.