औंधची फाइल, खडकीची अंगणवाडी

खडकीला पुनर्वसन नवं नाही. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या हिंदी सैनिकांना एखादा धंदा शिकवावा म्हणून लेडी विलिंग्डन यांनी १९१७ साली मुंबईत एक शाळा काढली. पुढे ती खडकीत आली आणि क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट या नावाने आजही इथेच चालते. पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांसाठीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून इथलंच. माणूस मोडला की त्याला पुन्हा उभं करायला वर्षं लागतात आणि ते काम एका खात्याने, एका छताखाली करावं लागतं, हे या गावाला कुणी शिकवायला नको.

अडीच-तीन वर्षांच्या मुलाचं मात्र तसं होत नाही. जन्मापासून ज्याच्यावर उपचार चालू आहेत, त्याला थेरपीच्या खोलीतून बालवाडीच्या सतरंजीवर नेऊन बसवायचं, इतकंच काम असतं. त्यासाठी तीन-चार खात्यांचे उंबरे ओलांडावे लागतात, आणि ओलांडते ती बहुतेक वेळा मुलाची आई, काखेत फाइल घेऊन.

खडकी बाजारातलं एक मूल धरू. दिवस भरायच्या दोन महिने आधी जन्मलेलं, दीड किलोचं. काही आठवडे नवजात अर्भक कक्षात काढून घरी आलेलं. आरोग्य खात्याची यंत्रणा इथपासून कामाला लागते आणि कागदावर तरी ती चांगलीच बांधीव आहे. बाळंतपणानंतरच्या बेचाळीस दिवसांत आशाताईंनी घरी यायचं. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही यायचं. त्यातच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. या कार्यक्रमाची देशातली सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमध्ये झाली. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी. जन्मजात व्यंगं, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर अशा चार गटांत मिळून तीस गोष्टी बघायच्या.

विकासातला उशीर हेरायला केरळातल्या तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने एक तक्ता केला आहे. त्याच्याइतकं स्वस्त आणि शहाणं साधन मी फार कमी पाहिलं आहे. जन्मापासून दोन वर्षांपर्यंतच्या सतरा गोष्टींसाठी सतरा आडव्या पट्ट्या, खाली महिने. मुलाच्या वयाच्या जागी पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीच्या डावीकडे संपलेली प्रत्येक पट्टी, म्हणजे मान धरणं, पालथं पडणं, आधाराशिवाय बसणं वगैरे, मुलाला यायला हवी. एखादी येत नसेल तर मूल पुढे पाठवायचं. पाच-सात मिनिटांत काम होतं.

पुढे म्हणजे कुठे? पुणे जिल्ह्यात, औंधच्या जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात. हे भारदस्त नाव कुणी उच्चारत नाही, सगळे ‘डीईआयसी’ म्हणतात. सांगवी फाट्याजवळचं हे रुग्णालय खडकीहून फार लांब नाही, पण मान न धरणारं मूल घेऊन रिक्षा किंवा बस बदलत जाणाऱ्या बाईला ते लांबच वाटणार. अशा केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा आणि श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, डोळे तपासणारे, दंतवैद्य, सामाजिक कार्यकर्ते आणि विशेष शिक्षिका एकत्र असाव्यात अशी रचना आहे. सगळी पदं सगळीकडे भरलेली असतात असं कुणी समजू नये. पण कल्पना बरोबर आहे. एका मुलासाठी सहा डॉक्टरांच्या सहा रांगा लागू नयेत.

पुण्याला ही कल्पना सरकारी कार्यक्रमाच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचं टीडीएच रिहॅबिलिटेशन अँड मॉरिस चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर दशकानुदशकं हेच काम करत आलं आहे. डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा त्यांच्या अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. असा दीर्घ अभ्यास भारतात विरळाच. त्यातून दिसलं ते असं की यातली बरीच मुलं चारचौघांसारखी मोठी झाली, तरी गट म्हणून ती बरोबरीच्या मुलांपेक्षा मागे होती. दिवस न भरता आणि वाढही खुंटलेली अशी जन्मलेली मुलं सर्वांत मागे. अडचण पुष्कळदा शाळेत गेल्यावर उघडी पडे. दोन वर्षांचं मूल चालतंय, बोलतंय म्हणून फाइल बंद करणं किती घाईचं आहे, हे या एका अभ्यासावरून कळतं.

या केंद्रांत मुलाची नीट मोजणी करायला जे साधन वापरतात ते मराठी वाचकाने माहीत करून घ्यावं असं आहे. त्याचं नाव ‘दासी’. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांवर काम करून, अमेरिकेतल्या बेली यांच्या श्रेणीला देशी प्रमाणं दिली. १९९७ साली त्याची सुधारित आवृत्ती पुण्यातून निघाली. हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ बाबी. बाळापुढे खुळखुळा, ठोकळे, घंटा अशा वस्तू ठेवायच्या आणि ते काय करतं ते बघायचं. मूल अमुक महिन्यांचं असलं तरी वागतं अमुक महिन्यांच्या बाळासारखं, हे त्यातून कळतं.

पण ‘दासी’ तीस महिन्यांना संपते. पुढची बुद्धिमापन चाचणी म्हणजे बिने-कामत. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांवर बसवलेली ही चाचणी तीन वर्षांपासून पुढे लागते. एक मोजपट्टी अडीच वर्षांना संपते, दुसरी तीनला सुरू होते. मधल्या सहा महिन्यांत आईवडिलांना विचारून भरायच्या श्रेणीवर भागवावं लागतं. नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी भारतीय रूप दिलेली व्हाइनलँड श्रेणी त्यासाठी सर्रास वापरतात. मोजपट्ट्यांचा हा खंड तज्ज्ञ सांभाळून घेतात. कायद्यातला खंड सांभाळायला मात्र कुणी नाही.

शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ दिव्यांग मुलांना अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण देतो, शेजारची शाळा की विशेष शाळा हे निवडू देतो, पण तोही सहाव्या वर्षापासून आणि चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांनाच. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी राज्यघटनेच्या पंचेचाळिसाव्या कलमात राज्याने ‘प्रयत्न करावा’ एवढंच आहे. २०२० च्या शिक्षण धोरणाने पायाभूत टप्पा तीन वर्षांपासून धरला, पण धोरण म्हणजे हक्क नव्हे. त्यात प्रमाणपत्राची भानगड निराळी. पाच वर्षांखालच्या मुलाला बौद्धिक दिव्यांगत्वाऐवजी ‘एकूण विकासात उशीर’ असं निदान लिहून मिळतं. वैद्यकीयदृष्ट्या ते योग्यच आहे, कारण या वयात मुलं बदलतात. खिडकीपलीकडचा कारकून मात्र तेवढ्यावर दुसरं कुठलं तरी प्रमाणपत्र मागतो.

अमेरिकेने हा प्रश्न १९८६ पासून कायद्याने बांधत नेला. जन्मापासून तीन वर्षं एक यंत्रणा, तिसऱ्या वाढदिवसापासून शाळेची यंत्रणा. आणि मूल तीन वर्षांचं होण्याच्या निदान नव्वद दिवस आधी, आईवडिलांची संमती घेऊन, दोन्हींची माणसं त्यांच्यासह एका टेबलाशी बसलीच पाहिजेत. तिथेही तक्रारी आहेत, गळती आहे. तरी तारीख कायद्यात आहे आणि ती चुकवली तर जाब विचारता येतो.

आपल्याकडे असं टेबल मांडायचं कुणी? थेरपी आरोग्य खात्याची. अंगणवाडी महिला व बालविकासची. विशेष शाळा दिव्यांग कल्याणच्या, साधी शाळा शालेय शिक्षणाची. खडकीत त्यावर आणखी एक थर चढतो. बाजार कॅन्टोन्मेंट बोर्डाचा, शेजारची बोपोडी महापालिकेची, बाकीचा मोठा भाग लष्कराचा आणि १८६९ पासूनच्या दारूगोळा कारखान्याचा. लष्करी कुटुंबांसाठी जवानांच्या पत्नींच्या ‘आवा’ संस्थेच्या आशा शाळा देशभर आहेत आणि त्या मोलाच्या आहेत. पण जवानाची बदली होते तेव्हा मुलाची थेरपिस्टही बदलते. मग या मुलाची प्रगती नव्या गावी पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. बाजारातल्या मुलाला बदलीचं भय नाही, पण त्याच्यासाठी अंगणवाडी सोडून फारसं काही नाही.

म्हणून माझा भरवसा अंगणवाडीवर आहे, तिच्या सगळ्या मर्यादांसकट. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली. मूल हेरायचं, अंगणवाडीत सामावून घ्यायचं, घरच्यांना हाताशी धरायचं, गरज असेल तिथे आशा आणि आरोग्य पथकामार्फत पुढे पाठवायचं, असं तिचं सूत्र. अंगणवाडीतून थेरपी केंद्राकडे जायची वाट त्यात दाखवली आहे. केंद्रातून अंगणवाडीकडे परत यायची वाट तितकीच महत्त्वाची, आणि ती मात्र ताईंच्या ओळखीवर आणि आईच्या चिकाटीवर चालते.

परत येताना काय यायला हवं? ‘स्पास्टिक डायप्लेजिया, जीडीडी’ असं लिहिलेला कागद सेविकेच्या काहीच कामाचा नाही. तिला कळायला हवं ते असं: मूल कुठे आणि कसं बसवायचं, कोपऱ्यातल्या खुर्चीत की भिंतीला टेकून. खिचडी भरवायची की चमचा हातात द्यायचा, आणि त्या चमच्याची मूठ जाड करायची का. पाणी हवं असेल तर ते काय खूण करतं. कशाने घाबरतं. लघवीचं कधी सांगतं. गाण्याच्या वेळी ते तोंड हलवत नसेल तरी टाळीत सामील होतं का. पंचवीस मुलं सांभाळणाऱ्या बाईला यातलं पानभर लेखन पुरतं, आणि एकदा केंद्रातल्या विशेष शिक्षिकेने येऊन सतरंजीवर बसून दाखवलं तर त्याहून बरं.

अपंग मुलाला साध्या मुलांत बसवलं की सगळं आपोआप होतं, असं मानणारे लोक भेटतात. तसं होत नाही. काही मुलांना विशेष शाळाच लागते आणि ती निवड करणाऱ्या आईबापांना कमी लेखू नये. पण तीन ते सहा या वयात शेजारची मुलं, तीच गाणी, रोजची ठरलेली वेळ यांचा उपयोग जवळजवळ प्रत्येक मुलाला होतो, आणि ते सगळं अंगणवाडीत फुकट मिळतं. थेरपी थांबवायची नाही, हे मात्र पालकांनी गाठीला बांधावं. अंगणवाडीत नाव घातलं म्हणून औंधच्या तारखा सोडू नयेत.

ज्यांचं मूल दोन वर्षांचं झालं आहे त्यांनी तिसरा वाढदिवस येईपर्यंत थांबू नये. तीस महिने भरायच्या आत केंद्रात ‘दासी’ करून त्याची प्रत घ्यावी. सेविकेसाठी साध्या मराठीत पानभर सूचना मागाव्यात, आणि त्या लिहून देणं हे केंद्राचं काम आहे असं समजून मागाव्यात. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ विम्यात मूल बसतं का, हेही तिथल्या सामाजिक कार्यकर्त्यांना विचारावं. आणि औंधचं केंद्र, कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका यांनी दरवर्षी जूनच्या आधी एकदा, त्या वर्षी तीन पूर्ण करणाऱ्या मुलांची यादी पुढे ठेवून, एकत्र बसावं. त्यासाठी नवी योजना लागत नाही, नवं पदही लागत नाही. यादी दोन्हीकडच्या नोंदवह्यांत आधीच आहे.