दोन रकार आणि यंत्राची अक्षरओळख

पंक्तीचा स्वयंपाक करतो तो आचारी, शास्त्र शिकवितो तो आचार्य. ‘आचाऱ्यांना दक्षिणा दिली’ आणि ‘आचार्यांना दक्षिणा दिली’ या वाक्यांत भेद आहे तो केवळ रकाराच्या रूपाचा. दऱ्या आणि दर्या यांचेही तेच. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्यांनी हा भेद कसोशीने सांभाळला; आता तो संगणकाच्या हाती गेला आहे.

संगणकाला अक्षर दिसत नाही. त्याला ठाऊक असतो तो अक्षराचा क्रमांक. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युनिकोड’ या जागतिक संकेतप्रणालीत र चा क्रमांक २३५२, ऱ चा २३५३, ल चा २३५४ व ळ चा २३५५ आहे. यांतील ऱ ची योजना मुळात तमिळ, मल्याळम आदी भाषांतील कठोर रकार देवनागरीत उतरविता यावा म्हणून झाली. मराठीने त्याच ऱ चा पाय मोडून पुढे य किंवा ह जोडला आणि आपला अर्धा रकार साधला. दक्षिणेच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी भाषकांना या उसनवारीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु हेच रूप दुसऱ्या वाटेनेही उमटते: साधा र, मोडलेला पाय, एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. डोळ्यांना दोन्ही सारखीच. यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द. ग्रंथ एका पद्धतीने टंकित झाला आणि शोध दुसरीने घेतला, तर ती दोन्ही एक मानण्याची तजवीज नसलेले यंत्र ‘शब्द आढळला नाही’ असे खुशाल सांगते. जुने ग्रंथ संगणकावर आणू पाहणाऱ्या संस्थांनी हे आधीच ठरवून घेतले पाहिजे.

रोमन लिपीतील निरोपांत तर काल, काळ, कल, कळ या सर्वांची एकच गत होते. स्नेह्यांचा पत्रव्यवहार संदर्भावर निभावतो, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण इंदूर-बडोद्याकडील ज्या मुलाला शाळेत मराठी नाही, त्याचे सारे मराठी लेखन पुष्कळदा तेवढेच असते; त्याला ळ लिहिण्याचा प्रसंगच येत नाही.

वास्तविक इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह र ची कळ दाबली की ऱ, आणि ल ची दाबली की ळ मिळतो. शुद्धलेखनाच्या तासाला वाऱ्या, सुऱ्या, तऱ्हा हे शब्द वहीबरोबर यंत्रावरही लिहवून घ्यावेत, आणि मग एकाने लिहिलेले दुसऱ्याला शोधावयास सांगावे. कोणाचा रकार सापडत नाही, ते तिथल्या तिथे कळते.