तात्यांचं रिव्हॉल्व्हर आणि गुजरीतला बोर्ड

लग्नाचं सोनं कोल्हापूरच्या गुजरीत घ्यायचं, हा आमच्या निपाणी भागातला जुना रिवाज. सराफ निपाणीत आहेत, बेळगावातही आहेत. पण आज्जीच्या पाटल्या गुजरीतल्या, आईचं मंगळसूत्र गुजरीतलं, त्यामुळे २०१८ साली ताईचं लग्न ठरलं तेव्हा दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. कोगनोळीचा टोलनाका गेला, दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक संपतं आणि कागल येतं. आमच्यासाठी ती राज्याची सीमा कधी नव्हतीच. एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला मामाचं गाव, एवढंच.

गाडी मी चालवत होतो. शेजारी तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते. मागे काकू, आई आणि ताई. काकूच्या मांडीवर पिशवी, पिशवीत मोडीला द्यायचं जुनं सोनं. आणि तात्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या आत, कमरेला, बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर. हे गाडीत मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

दुकानाच्या काचेच्या दारावर बोर्ड होता. हेल्मेट काढून आत यावे, चेहरा झाकू नये, शस्त्र घेऊन प्रवेश करू नये. असे बोर्ड आपण वाचतो आणि विसरतो. हेल्मेटवाल्याने हेल्मेट काढायचं, बाकीच्यांनी सरळ आत जायचं. दाराशी स्टुलावर एक वयस्कर वॉचमन डबल बारची बंदूक घेऊन बसला होता. तात्यांनी त्याला रामराम घातला आणि आम्ही आत गेलो.

चहा आला. ट्रे उघडले गेले. ताई दोन मंगळसूत्रांमध्ये अडकली होती आणि काकू वजन विचारत होती. तेवढ्यात काकूच्या मांडीवरून बटवा घसरला आणि तो उचलायला तात्या वाकले. शर्ट वर सरकला. समोर ट्रे घेऊन उभी असलेली मुलगी एकदम थांबली. ती ओरडली नाही. तिने हातातला ट्रे बंद केला, काउंटरवरचाही उचलला आणि मागे सरकली. दोन मिनिटांत काउंटर रिकामा. मालक उठून म्हणाले, "काका, एक मिनिट." आणि दारावरचा वॉचमन आत आला.

तात्यांना काय झालं ते लगेच कळलं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. "लायसन आहे," ते म्हणाले.

"असंल. बाहेर चला, पावणं."

पायरीवर उभं राहून वॉचमनने लायसनचं पुस्तक पाहिलं. पान उलटलं आणि बोट ठेवलं. "क्षेत्र कर्नाटक राज्य. आणि हे कोल्हापूर हाय."

तात्या काही बोलले नाहीत.

"फौजेत व्हता?"

"मराठा. बेळगाव सेंटर."

"मीबी. मग तुमाला काय सांगायला नको."

मालक भले होते. पोलिसांना बोलावलं नाही. "तुमचं गिऱ्हाईक आम्हाला पाहिजे, पण हे आत नको," एवढंच म्हणाले. तात्या बिंदू चौकातल्या पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले आणि मला त्यांच्यासोबत बसवलं. मी म्हटलं, डिकीत ठेवून जाऊ या की परत. तर म्हणाले, "आणि डिकी फोडली कुणी तर? चोराच्या हातात माझ्या नावचं हत्यार." अडीच तास आम्ही बसून होतो. पोटच्या लेकीचं मंगळसूत्र निवडलं गेलं तेव्हा बाप तिथं नव्हता. ताई पार्किंगमध्ये येऊन डबी उघडून दाखवायला लागली, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

तात्यांना हत्यार मिरवायची हौस अजिबात नव्हती, म्हणून हा प्रसंग त्यांना जास्त लागला. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी बारा वर्षं निपाणीतल्या एका बँकेच्या दारात डबल बार घेऊन काढली होती. बेळगावात रेजिमेंटचं सेंटर असल्यामुळे आमच्या भागात घरटी फौजी, आणि निवृत्त फौजीला बँकेच्या किंवा सराफाच्या दारातली नोकरी ठरलेली. अशीच एकदा एक बडा बागायतदार कमरेला पिस्तूल लावून बँकेत यायला लागला. तात्यांनी त्याला पायरीवरच थांबवलं. "गाडीत बसा, मॅनेजर बाहेर येतील," म्हणाले. तो माणूस चिडला, मॅनेजरकडे तक्रार केली, पण आत काही गेला नाही. ही गोष्ट आम्ही लहानपणी शंभर वेळा ऐकलेली. गुजरीनंतर तात्यांनी ती पुन्हा कधी सांगितली नाही.

आमच्या घरात तर आज्जीचा वेगळाच बोर्ड होता, न लिहिलेला. तात्यांची डबल बार सोप्यात खुंटीला असायची, पण माजघराचा उंबरा तिने ओलांडायचा नाही. देव आत आहेत, पोरं आत आहेत, असं कारण ती द्यायची. खरं कारण वेगळं असावं, असं मला आता वाटतं. निपाणीत बंदुकीची आठवण वेगळी आहे. १९५६ च्या जानेवारीत सीमाप्रश्नावर गोळीबार झाला, १७ जानेवारीला अजूनही हुतात्म्यांना अभिवादन होतं. मग १९८१ चं तंबाखू आंदोलन. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडलं होतं आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी गेले. आमच्या गावची माणसं तिथं होती. आज्जी त्या दिवसाबद्दल फार बोलायची नाही. बंदूक मात्र उंबऱ्याबाहेर.

गुजरीच्या प्रकारानंतर मी पहिल्यांदा तात्यांचं लायसन नीट वाचलं. तुमच्यापैकी ज्यांच्या गावच्या घरी अजून बंदूक आहे (खानापूरकडे गवे आणि रानडुकरं पिकात शिरतात, तिथं पीकसंरक्षणाच्या बंदुका बऱ्याच आहेत), त्यांनी ते एकदा वाचावंच. मला वाटलं होतं, बोर्ड दुकानाने लावला, नियम दुकानाचा, तात्यांनी फार तर दुकानदाराचा अपमान केला. पण खरी बंदी तात्यांच्या खिशातच होती. परवान्याच्या अटींतच लिहिलेलं असतं की जिल्हाधिकाऱ्यांच्या खास परवानगीशिवाय हत्यार जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात न्यायचं नाही. म्हणजे निपाणीचा उरूस नाही, सौंदत्तीची यल्लम्मा नाही, बेळगावातली गणपतीची मिरवणूक तर नाहीच. अट मोडली तर १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तिसाव्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. लायसनवर क्षेत्रही छापलेलं असतं. दूधगंगेच्या पुलाच्या अलीकडे जे कायदेशीर, ते पलीकडे नाही. पूल ओलांडताना तात्यांच्या ते डोक्यातही आलं नाही, कारण सांगितलं ना, आमच्यासाठी ती सीमा नव्हतीच.

मला चक्रावून टाकणारी गोष्ट पुढची. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि नेणाऱ्याच्या ताब्यात हवं. हवेत नाचवलं, लग्नात बार काढला, तर परवाना जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा हौशी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत शिक्षाही आहे. हे सगळं योग्यच. पण मग विचार करा, झाकून न्यायचं हा कायदा, आणि आणू नका हा दारावरचा बोर्ड. दारावरच्या माणसाला आतलं दिसणार कसं? मॉलमध्ये, मल्टिप्लेक्समध्ये मशीन असतं, झडती होते. सराफाच्या, हॉटेलच्या, मंगल कार्यालयाच्या दारात तसं काही नसतं. तिथं फक्त नेणाऱ्याला माहीत असतं आणि त्यानेच परत फिरायचं असतं.

पुढच्या वर्षी, २०१९ साली, लोकसभा निवडणुकीसाठी रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा करून तात्या आणि काकू डॅलसला दादाकडे गेले. (निवडणूक आली की हत्यार ठाण्यात जमा करायचं. काकू त्याला 'माहेरपण' म्हणायची, तेवढे दिवस घर मोकळं वाटतं म्हणायची.) टेक्ससमध्ये एका दुकानाच्या दारावर तात्यांना मोठ्या अक्षरांतला लांबलचक बोर्ड दिसला आणि त्यांनी दादाला तो वाचून दाखवायला सांगितला. तिथल्या फौजदारी कायद्याचं ३०.०६ असं कलम आहे. लायसन असलेल्या माणसाने झाकलेलं पिस्तूल आत आणू नये असं दुकानदाराला सांगायचं असेल, तर ठरलेल्या शब्दांत, निदान एक इंच उंचीच्या अक्षरांत, इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत बोर्ड लावावा लागतो. उघडं लावलेलं पिस्तूल नको असेल तर ३०.०७ चा वेगळा बोर्ड. बोर्ड असून आत गेलं तर दोनशे डॉलरपर्यंत दंड. तोंडी सांगूनही बाहेर पडलं नाही तर गुन्हा मोठा. आपल्या शस्त्र कायद्यात दुकानाच्या बोर्डासाठी असं खास कलम नाही. इथं दुकानदार फक्त आत घ्यायचं नाकारू शकतो.

तात्यांनी विचारलं, "आणि हा बोर्ड वाचून परत जात्यात व्हय लोकं?"

दादा म्हणाला, काही जातात. काही गाडीत ठेवून येतात. आणि काही तसेच आत येतात, कारण झाकलेलं कुणाला दिसतंय?

दादा सांगतो, तात्या बराच वेळ त्या दाराशीच उभे होते. मग आत न जाता बाकावर जाऊन बसले. त्यांच्याकडे काहीच नव्हतं, हत्यार सात समुद्रापलीकडे ठाण्यात होतं, तरीही. दादाला गुजरीची गोष्ट तेव्हा माहीत नव्हती. ती मी त्याला खूप नंतर सांगितली.

परत आल्यावर तात्यांनी रिव्हॉल्व्हर घराबाहेर नेणं जवळजवळ सोडलं. ट्रंकेत कुलूप, किल्ली जानव्याला. वयाची सत्तर वर्षं झाली की परवानाधारकाला हत्यार वारसाच्या नावावर करायचा अर्ज करता येतो. तात्यांनी मला विचारलं होतं, "तुला पाहिजे काय रे?" दादा परदेशात, म्हणून मला. मी लगेच नाही म्हटलं नाही, हे कबूल करतो. कोल्हापुरी फेटा, तलवार, आजोबांचा फौजेतला फोटो अशा गोष्टींच्या रांगेत ते रिव्हॉल्व्हरही माझ्या मनात कुठेतरी होतं. रात्री शेतावर एकटं असताना ते जवळ असावं असंही वाटलं होतं. बघतो म्हणालो आणि विषय टळला.

२०२३ च्या विधानसभा निवडणुकीच्या दोन महिने आधी तात्या गेले. दादा डॅलसहून आला. दिवसकार्य व्हायच्या आधीच काकूने ट्रंकेची किल्ली आमच्यासमोर ठेवली. परवानाधारक गेला की हत्यार घरात ठेवायचा हक्क कुणालाच राहत नाही. विनाकारण उशीर न करता ते पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं लागतं. ठाण्यात फोन केला. लायसन, काडतुसं, सगळं घेऊन सरळ इकडे या, म्हणाले.

मी गाडी चालवत होतो, दादाच्या मांडीवर पिशवी. स्टँडजवळ आल्यावर दादा म्हणाला, दोन रात्री झोप नाही, चहा घेऊ या. मी हॉटेलसमोर गाडी लावली आणि दोघेही तसेच बसून राहिलो. हॉटेलला बोर्ड वगैरे काही नव्हता. आत गर्दी होती, कॉलेजची पोरं, एक बाई कडेवर लेकरू घेऊन भजी बांधून घेत होती.

"आणतो हितंच," मी म्हणालो.

दोन ग्लास घेऊन आलो. गाडीतच प्यालो. दादाने एका हाताने ग्लास धरला होता, दुसरा हात पिशवीवर होता.

ठाण्यात हवालदारांनी नंबर तपासला, काडतुसं मोजली, रजिस्टर काढलं. तात्यांना ते ओळखत होते. "दर इलेक्शनला स्वतः यायचे, सकाळी पयला नंबर," म्हणाले. मग पेन थांबवून विचारलं, "वारस म्हणून अर्ज करणार काय कोण?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणालो.

पावतीवर रिव्हॉल्व्हर एक, काडतुसे अठरा, एवढंच लिहिलेलं आहे. काकूने ती तिच्या कपाटात, गुजरीतल्या त्या मंगळसूत्राच्या पावतीसोबत ठेवली आहे.