जुने ध्वनिमुद्रण आज उघडेल का?

भिलाईतील सुपेला येथे एखाद्या मराठी कुटुंबाने २००५ साली आजीच्या ओव्या संगणकावर ध्वनिमुद्रित केल्या असतील, तर त्या आज ऐकता येतील का? त्यासाठी केवळ फाइल जपणे पुरेसे नाही. ती वाचणारा प्रोग्रामही चालू राहावा लागतो.

ध्वनिसंपादनाचा 'ऑडॅसिटी' हा मोफत प्रोग्राम डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू केला. त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली आहे. विंडोज, मॅक वा लिनक्स बदलले की तिच्यातही दुरुस्त्या कराव्या लागतात.

पूर्वी प्रत्येक प्रकल्पाची एक छोटी फाइल आणि ध्वनीच्या असंख्य तुकड्यांचे वेगळे फोल्डर असे. मार्च २०२१ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीने हे सर्व एकाच फाइलमध्ये आणले आणि जुने प्रकल्प नव्या स्वरूपात साठवण्याची सोयही ठेवली.

मात्र नक्कल करताना ते फोल्डरच मागे राहिले असेल, तर कोणतीही दुरुस्ती तो आवाज परत आणू शकत नाही. म्हणून प्रकल्पासोबत डब्ल्यूएव्ही स्वरूपातील एक प्रतही ठेवावी. ती इतर प्रोग्राममध्येही उघडते.