डोंगर चढताना पाणी हाताशी हवं

नवरात्र जवळ आलं की गटागटांत कळसूबाईला जायचे बेत सुरू होतात. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून सकाळी चढायला लागायचं, देवीचं दर्शन घ्यायचं आणि दिवस मावळायच्या आत खाली यायचं. १६४६ मीटर उंचीचं हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. कुणी दुसऱ्या डोंगरावर जाईल, कुणी गडावर. पण दिवसभराची चढण म्हटली की पाण्याचा प्रश्न सगळीकडे सारखाच. म्हणून आज आपण बोलणार आहोत कमरेच्या पिशवीबद्दल आणि पाण्याच्या बाटल्यांबद्दल.

यात एवढं बोलण्यासारखं काय, असं वाटेल. पण बायका डोंगरावर पाणी कमी पितात. एक तर बाटली पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी असते. थांबा, पिशवी उतरवा, सामान उपसा. त्यात बाकीच्या पुढे जातात, मग "राहू दे, वर गेल्यावर पिऊ" असं होतं. आणि दुसरं कारण तर आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. वाटेत आडोसा नसतो, म्हणून लघवी लागू नये यासाठी घशाला कोरड पडली तरी पाणी टाळायचं. याचा परिणाम म्हणजे डोकं दुखणं, चक्कर येणं, पायात गोळे येणं, आणि घरी आल्यावर लघवीला जळजळ. चक्कर घरात आली तर आपण खाली बसतो. कळसूबाईच्या लोखंडी शिडीवर आली तर?

आता पाण्याचा हिशोब करू. उन्हात चालताना तासाला साधारण अर्धा लिटर पाणी लागतं. चढ-उतार मिळून पाच-सहा तास धरले तर अडीच ते तीन लिटर झालं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणजे तीन किलो ओझं, आणि ते सगळं कमरेला बांधलं तर कंबर धरते. म्हणून पाऊण लिटरच्या दोन बाटल्या कमरेला आणि उरलेलं पाणी पाठीवर, अशी वाटणी करा. कमरेचं संपलं की बसायच्या जागी पाठीवरचं पाणी ओतून घ्यायचं. वर पाणी मिळेलच या भरवशावर राहू नका.

कमरेला पिशवी आपल्याला नवी नाही. कनवटीला पैसे आणि कमरेला पानाची चंची आपल्या आज्यांनी वर्षानुवर्षं बाळगली. बाजारातली पिशवी घेताना चार गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट पट्टा. तो निदान दोन इंच रुंद हवा, अरुंद दोरीसारखा पट्टा रुततो. तो पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. पोटावर आवळला तर चढताना श्वास कोंडतो. पट्टा साडीवरून किंवा कुर्त्यावरून बांधा, आणि पदर किंवा ओढणी आधी खोचून घ्या. गरोदर असाल किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर डोंगराचा बेतच डॉक्टरांना विचारून ठरवा.

दुसरी गोष्ट बाटलीचे कप्पे. दोन्ही बाजूंना एकेक असला की वजन सारखं पडतं. बाटली न बघता काढता आणि परत ठेवता आली पाहिजे. बाटलीच्या गळ्याभोवती अडकवायला इलॅस्टिकचा फास हवाच. शिडीवर आपल्या खाली दुसरी बाई चढत असते. वरून निसटलेली भरलेली बाटली तिच्या डोक्यात दगडासारखी बसेल.

तिसरी गोष्ट मधला कप्पा. त्याला चेन हवी. त्यात पैसे, फोन, रोजच्या गोळ्या, एखादा पॅड आणि गूळ-शेंगदाण्याची पुडी मावली की पुरे. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा.

चौथी गोष्ट शिलाई. पट्टा पिशवीला जिथे जोडलाय तिथे जोरात ओढून पाहा. बक्कल दहा वेळा लावून काढून बघा.

गटात शिलाई मशीन असेल तर ही पिशवी घरीही होते. जुन्या जीन्सचं कापड आणि खाटेची नवार एवढ्यात काम भागतं. बाटलीभोवती दोरा गुंडाळून माप घ्या, त्यात दोन बोटं आणि शिलाईची जागा धरून कप्पा बेता. नवार जोडताना चौकोन शिवून आत फुली मारा, म्हणजे ओझ्याने उसवणार नाही.

आता बाटली. पूर्वी प्रवासाला फिरकीचा तांब्या असायचा. झाकण घट्ट, पाणी सांडायचं नाही. आजही पहिली कसोटी तीच. बाटली भरा, झाकण लावा आणि रात्रभर कागदावर उलटी ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर ती बाटली डोंगरावर न्यायची नाही. तोंड एवढं रुंद हवं की ब्रश आत जाईल, नाहीतर तळाला बुळबुळीत थर साचतो आणि वास येतो. झाकणातली रबरी चकतीही काढून धुवा.

एकपदरी स्टीलची बाटली टिकाऊ आणि धुवायला सोपी. पाणी गार ठेवणारी दुपदरी बाटली चांगली, पण जड, म्हणून ती कमरेला नको. जाड प्लॅस्टिकची हलकी पडते. विकतच्या पाण्याची पातळ बाटली एकदाच वापरायची असते. ती पुन्हा पुन्हा भरू नका, आणि डोंगरावर टाकू तर मुळीच नका. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बाटलीत लिंबूसरबत भरू नये, आंबटाने धातू पाण्यात उतरतो.

एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत साखर-मिठाचं पाणी ठेवलं तर उत्तम. प्रमाण लक्षात ठेवा : एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. घाम गाळून थकवा आला की हे घोट घोट घ्यायचं. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे पाणी आणि एकूण किती पाणी प्यायचं, दोन्ही डॉक्टरांना विचारून ठरवा.

पाणी एकदम ढसाढसा पिऊ नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट पुरेत. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय असं समजा. आणि आडोशाची सोय गटानेच करायची. दोन जुन्या साड्या आणि चौघीजणी असल्या की पडदा तयार होतो. निघायच्या आधीच ठरवा की कुणी "जायचंय" म्हटलं की सगळ्या थांबतील. मग पाणी प्यायला कुणी भिणार नाही.

जायच्या आधी एकदा बाटल्या भरून, पट्टा बांधून गावाबाहेरच्या टेकडीपर्यंत चालून या. कुठे घासतं, काय हिंदकळतं ते तिथेच कळेल, आणि दुरुस्ती घरी करता येईल. येत्या गटाच्या बैठकीत प्रत्येकीने आपली बाटली उलटी करून दाखवा. सांभाळून जा, पाणी पीत चला.