तुमचा जुना लॅपटॉप विंडोज ११ साठी 'अपात्र' आहे? फेकण्याआधी हे वाचा

लॅपटॉप आठ वर्षांचा, पण टॅली, एक्सेल, व्हिडिओ कॉल सगळं नीट चालतंय. तरीही स्क्रीनवर सूचना येते, की हा पीसी विंडोज ११ साठी पात्र नाही. आणि विंडोज १० चा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मग करायचं काय?

आधी हे 'अपात्र' प्रकरण समजून घेऊ. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते. अडतं ते दोन गोष्टींवर. एक, प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. दुसरी, टीपीएम २.०. एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सुरक्षित ठेवणारी ही सोय कधी वेगळ्या चिपमध्ये असते, कधी प्रोसेसरमध्येच.

गंमत म्हणजे अनेक कम्प्युटरमध्ये टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. इंटेलमध्ये ते 'पीटीटी' या नावाने दिसतं, एएमडीमध्ये 'एफटीपीएम'. प्रोसेसर यादीत असेल तर तेवढं सुरू करून काम भागू शकतं. त्यामुळे दुकानात जाण्याआधी हे तपासाच.

प्रोसेसरच जुना असेल तर? तरीही विंडोज ११ टाकता येतं. 'रुफस' नावाचं मोफत सॉफ्टवेअर असा पेनड्राइव्ह बनवून देतं, ज्यात ही तपासणी वगळलेली असते. रजिस्ट्रीत एक नोंद बदलून तपासणी टाळण्याचा मार्ग तर एकेकाळी खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सांगितला होता, नंतर ती माहिती काढून टाकली. मात्र कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशीनवर हा जुगाड चालत नाही. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून 'पॉपकाउंट' ही प्रोसेसरमधली सूचना लागतेच, ती नसेल तर विंडोज सुरूच होत नाही.

खरा धोका इन्स्टॉल झाल्यानंतरचा आहे. अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असं मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगते. प्रत्यक्षात महिन्याचे सुरक्षा अपडेट बहुतेकदा येत राहतात. दरवर्षीची नवी आवृत्ती मात्र सहसा आपोआप येत नाही, पुन्हा तोच पेनड्राइव्हचा खटाटोप करावा लागतो. उद्या हे अपडेट थांबले तर तक्रार करायला जागा नाही. घरातल्या जादा कम्प्युटरवर हा प्रयोग खुशाल करा. पण ज्या मशीनवर जीएसटी भरता, बँकेचे व्यवहार करता, तिथे मी तरी करणार नाही.

त्या मशीनसाठी सरळ वाट आहे. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विंडोज १० चेच सुरक्षा अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करून सेटिंग्ज सिंक केल्या, की पैसेही लागत नाहीत. नोंदणीचा पर्याय सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर दिसतो. काम फक्त ब्राउझरवर चालत असेल तर लिनक्स मिंटही आहे, तेही मोफत.

यातलं काहीही करा, पण आधी फोटो आणि हिशेबाच्या फाइल्स बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. अपग्रेड करून पस्तावलात तर सेटिंग्जमधून विंडोज १० वर परत जाता येतं, पण त्याला मुदत फक्त १० दिवसांची. आणि पेनड्राइव्हवरून नव्याने इन्स्टॉल केलं असेल तर तीही सोय नाही.